देवापुढची काळी रांगोळी

ती रांगोळी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. इंग्लंडच्या पोलीस खात्यात उभी हयात गेली. मारामाऱ्या पाहिल्या, प्रेतं पाहिली, चाकू घेऊन अंगावर धावून आलेली माणसं पाहिली. पण बघता बघता हातपाय गार पडावेत असं एकदाच झालं, आणि तेही चिमूटभर तांदळाच्या पिठाकडे बघून. सांगितलं तर लोक हसतात. हसोत बापडे.

मी मूळचा नागपूरचा. वडील कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात लागले तेव्हा मी सातवीत होतो, म्हणून मराठी लिहिता येतं. आमचं घर बौद्ध. नवस, उतारे, अंगात येणं, असल्या गोष्टींना आमच्याकडे थारा नव्हता. कोणी भुताची गोष्ट काढली की वडील विचारायचे, "पुरावा काय?" त्या घरातलं पोरगं पोलिसात गेलं यात नवल नाही. नोकरीची शेवटची वर्षं मी लेस्टरला बालसंरक्षण शाखेत डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. ही केस तेव्हाची. यात कुणाचंही नाव देणार नाही, कारण ती मुलगी आता शाळेत जाते.

आमच्याकडे खबर बहुतेक फोनवर येते आणि देणारा माणूस कायम घाईत असतो. त्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन आला. सव्वा-दीड वर्षाची मुलगी झटका आला म्हणून आणलेली. छाती धडधडतेय, अंग घामाने भिजलेलं, हवेत काहीतरी पकडल्यासारखी बोटं चालवतेय, आणि कोपऱ्याकडे बघून हसतेय. डॉक्टरांना संशय आला, त्यांनी लघवी तपासली. त्यात मेथॅम्फेटामीन निघालं, झोप-भूक उडवणारं जहाल अमली द्रव्य. इथली पोरं ज्याला मेथ म्हणतात, तेच. दीड वर्षाच्या पोरीच्या पोटात.

मी पत्ता वाचला, आडनाव वाचलं, आणि कपाळावर हात मारला. आपली माणसं. आई दुसऱ्या एका हॉस्पिटलात नर्स, बहुतेक नाइट ड्यूटी. बाप कॉम्प्युटरवाला. आणि घरात मुलीच्या आईची आई, नाशिकहून नातीला सांभाळायला व्हिजिटर व्हिसावर आलेली. मी त्यांना ओळखत नव्हतो, तसं साहेबांना लिहून दिलं आणि केस माझ्याकडेच राहिली.

सोशल सर्व्हिसेसने, म्हणजे कौन्सिल या इथल्या नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्याने, त्याच दिवशी पाऊल उचललं. बरी झाल्यावर मुलगी घरी जाणार नाही, सांभाळणाऱ्या परक्या कुटुंबाकडे जाईल. आईबापांनी भेटायचं ते कुणीतरी समोर बसलेलं असताना. मग फॅमिली कोर्ट ठरवणार की ती परत यायची की कायमचीच दुसऱ्या घरी वाढायची. हे सगळं कायद्याप्रमाणेच होतं. मीही तेच केलं असतं.

आईची चौकशी मी केली. इथली चौकशी म्हणजे दमदाटी नव्हे. रेकॉर्डर चालू, शेजारी वकील, आणि आधी कायदेशीर इशारा. समोर बसलेली बाई तिशीची असेल. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं, गुडघा सारखा हलतोय. मी मनात म्हटलं, ही घेत असणार. नर्स आहे, औषधांच्या कपाटापर्यंत हात पोचतो, झोप नाही, वजन उतरलंय. चित्र कसं फ्रेममध्ये बसवून ठेवल्यासारखं होतं.

"घरात मेथ कुणी आणलं?" मी इंग्रजीत विचारलं.

"मला माहीत नाही, सर."

"तुम्ही घेता?"

"नाही. टेस्ट करा. आत्ता करा." आणि मग ती एकदम मराठीत बोलली, "सर, तिला डाव्या कुशीवर घालून थोपटावं लागतं हो. सांगितलंय का कुणी तिथं?"

चौकशीच्या खोलीत माणूस स्वतः काय विचारतो याकडे मी नेहमी लक्ष द्यायचो. बहुतेकजण विचारतात, माझं काय होणार. या बाईने ते एकदाही विचारलं नाही. तिचं सगळं पोरीभोवती फिरत होतं, दूध कोमट देतात का, दिवा चालू ठेवतात का. तरी मी ताणत गेलो, कारण ती काहीतरी लपवत होती. ते वासानंच कळतं आम्हाला. शेवटी तिने वकिलाकडे बघितलं आणि हळूच, इंग्रजीत सांगितलं.

"घरात कुणीतरी आहे, सर. जिन्यात उभं असतं. मी ड्यूटीवरून येते, कोट काढते, आणि वरून कुणीतरी बघतंय असं वाटतं. नवऱ्यालाही वाटतं. तो बोलत नाही. झोपलं की पायरी वाजते. मी नर्स आहे. असं बोलले तर माझी नोकरी जाईल, पोरगी जाईल. म्हणून गप्प बसले."

वकिलाने डोळे मिटले. त्याला कळलं की त्याच्या अशिलाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय. मेथ घेणाऱ्यांना असंच दिसतं, असंच ऐकू येतं. सोशल वर्करने तर तो जबाब वाचताच ठरवून टाकलं, आई नशेबाज आहे.

घराच्या पहिल्या झडतीत आमच्या लोकांनी एकच संशयास्पद गोष्ट उचलून आणली होती. एक छोटी सहाण आणि वाळलेल्या मुळ्या-काड्यांची पुरचुंडी. माझी सहकारी कॉन्स्टेबल कार्डिफची, दोन मुलींची आई, जिभेची तिखट. तिने पुरावा-पिशवी माझ्यापुढे धरली. "सार्ज, हे काय? घरगुती लॅब?"

"बाळगुटी आहे ती," मी म्हटलं. "मीसुद्धा लहानपणी चाटलीय."

"तरीच," ती म्हणाली. तरी नियमाप्रमाणे पुरचुंडी लॅबला गेली. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, एवढंच निघालं. नर्सबाईंच्या वॉर्डातला औषधांचा हिशेबही चोख निघाला. मग विष आलं कुठून? पुन्हा घर बघायचं ठरवलं.

बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीतलं जुनं, रांगेतलं घर. हिवाळ्याची दुपार, म्हणजे इकडे दुपारीच अंधारून येतं. दार आजींनी उघडलं. नऊवारी नाही हो, साधी सहावारी, वर जावयाचा स्वेटर. मी मराठीत बोललो तशी बाईचा चेहरा उजळला आणि लगेच मिटला. आपला माणूस, पण पोलीस.

"या साहेब. बसा. पोर कशी आहे माझी?"

"बरी आहे, काकू. झटका परत नाही आला."

घर लख्ख होतं. भिंतींना ताजा क्रीम रंग, हीटिंग चालू, उदबत्ती लावलेली. पण उदबत्तीच्या खाली दुसरा वास होता. मांजर मुतल्यासारखा, आणि त्यात दवाखान्याचा. मी विचारलं, मांजर आहे का. आजी म्हणाल्या, नाही, पण आलो त्या दिवसापासून येतो हा वास. जिन्यावर चढताना मला खरंच वाटलं की वर कुणीतरी उभं आहे. मी मान वर केली. कुणी नव्हतं. मागून येणारी कॉन्स्टेबल म्हणाली, "तुलाही?" जिभेवर तांब्याच्या पैशासारखी चव येत होती.

आजी आणि नात झोपायच्या ती मागची छोटी खोली. तिथे एका जुन्या, बुजवलेल्या फायरप्लेसचा कोनाडा होता, बरोबर पूर्वेला. त्यात आजींनी देव मांडले होते. छोटा लाकडी देव्हारा, पितळी बाळकृष्ण, अन्नपूर्णा. आपल्या बाईला कोनाडा दिसला की ती देवच ठेवणार. आणि त्या कोनाड्याच्या वर भिंतीला घाम फुटला होता. नव्या रंगातून पिवळट-तांबूस ओघळ खाली आलेले, थेट देव्हाऱ्याच्या कळसापर्यंत.

"हे काय, काकू?"

"पुसलं की परत येतं. जावयांना म्हटलं, ओल असेल. ते म्हणाले, इंग्लंडात असतीच ओल." मग त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "दादा, तुम्ही आपले म्हणून सांगते. हसणार नाही ना?"

"नाही हसणार."

"या घरात काहीतरी आहे. मी देवापुढं रोज तिन्हीसांजेला तांदळाच्या पिठाची रांगोळी काढते. आमच्याकडं पिठाचीच काढतात, मुंगीच्या तोंडी चार कण जावेत म्हणून. जमीन पुसायची आणि काढायची. तर ती सकाळी काळी झालेली असती. निळी-काळी. शाईत बुडवल्यागत. लेक ड्यूटीवरून यायच्या आत मी पुसून टाकते. तिला कशाला घाबरवू? आधीच ती अर्धी झालीये."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पोर तिकडे हॉस्पिटलात, आणि ही बाई मला करणी-बाधा ऐकवतेय. मी म्हटलं, "काकू, काढा बरं रांगोळी. माझ्यासमोर काढा."

त्यांनी ओल्या फडक्याने कोनाड्यापुढच्या फळ्या पुसल्या. डब्यातून पीठ घेतलं, आणि चिमटीतून सरळ, बारीक रेघ सोडत गेल्या. काय हात होता बाईचा! पांढरंशुभ्र कमळ. मग आम्ही तिघं तिथेच बसलो. खाली हीटिंगच्या पाइपात पाणी गुरगुरत होतं. खिडकीबाहेर उजेड गेला. आजी तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणत होत्या.

पहिल्यांदा पाकळीची कड मळली. वाटलं, ओल आहे. मग ती मळकट रेघ जांभळी झाली. एकेक पाकळी, कडेकडून आत, मुका मार लागल्यावर कातडी निळी पडते तशी. कुणी हात लावत नव्हतं, वारा नव्हता, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते कमळ काळं पडत चाललं होतं. अंगावर सरसरून काटा आला. वडिलांचा प्रश्न आठवायचा प्रयत्न करत होतो आणि आठवत नव्हता.

कॉन्स्टेबलने माझा दंड धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता, डोकं दुखत होतं तिचं. पण बोलली ती भलतंच. "सार्ज, माझ्या धाकटीने होमवर्कला बटाट्यावर हेच केलं होतं. आयोडीन टाकलं की स्टार्च निळा पडतो."

बटाटा. तांदळाचं पीठ. शाळेत मीही केलं होतं. पण लाकडी फळ्यांत आणि भिंतीत आयोडीन कुठून येणार? मी तिथूनच अमली पदार्थ पथकातल्या एका जुन्या दोस्ताला फोन लावला आणि पाहिलं ते सांगितलं. तो ओरडला, "बाहेर पड त्या घरातून! सगळे बाहेर. काही उचलू नका, हात धुवा. कुणीतरी तिथे मेथ बनवत होतं, त्यालाच लागतं आयोडीन."

आम्ही आजींना तसंच, स्वेटरवर माझा कोट घालून, रस्त्यावर आणलं. "देव?" त्या विचारत होत्या. "दादा, देव आत राहिले." मी म्हटलं, "राहू द्या. त्यांना काही होत नाही."

पुढचं काम पांढरे सूट आणि मास्क घातलेल्या लोकांचं. भिंतीवर ठरावीक चौकोन आखायचा, ओल्या कापसाने पुसायचा, बाटलीत बंद करून लॅबला द्यायचा. खोली खोली असं केलं. निकाल आला तेव्हा सगळ्या घरात विष निघालं. जिन्यात, किचनच्या कपाटांत, पडद्यांत. बनवणारे कधीच गेले, पण त्यांची वाफ भिंतींनी पिऊन ठेवली होती. हीटिंग लावलं, कुकरची शिट्टी झाली, जमीन पुसली की ती परत बाहेर यायची. जिन्यात उभं असणारं ते हेच. त्याने नवरा-बायकोची झोप काढली, डोक्यात पावलं वाजवली. आणि सगळ्यात जास्त कुठे? मागच्या खोलीतल्या कोनाड्यात. बनवणाऱ्यालाही नेमका तोच कोनाडा आवडला होता.

घरमालक निघाला आपलाच. चाळिशीचा, कॉव्हेंट्रीत जन्मलेला, आईबाप महाराष्ट्रातले. याच ओळखीवर त्या जोडप्याने घर भाड्याने घेतलं होतं. तपासणी नाही, एजंटला चार प्रश्न नाहीत. आपला माणूस आहे म्हटल्यावर विचारायचं कसं? तो स्टेशनला आला तो हसत. "अंकल, बेबी कसा आहे? मी फार वरीड होता."

मी म्हटलं, बस. त्याने सांगितलं, आधीचे टेनंट क्वाएट होते, अचानक सोडून गेले, त्याने फक्त नॉर्मल पेंट केलं. मी त्याच्यापुढे मागच्या खोलीच्या भिंतीचा फोटो ठेवला. पांढऱ्या सूटवाल्यांनी तिथला रंग थराथराने खरवडला होता. क्रीमच्या खाली डाग दाबायचा खास पेंट, एकदा नव्हे दोनदा. इतर कुठल्याच खोलीत तो नव्हता.

"याच खोलीत डाग आहेत हे तुला कसं कळलं?"

त्याने वकिलाकडे बघितलं. वकील म्हणाला, उत्तर देऊ नकोस. मी घाई केली नाही. माझी पद्धत साधी, पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचा आणि आपण गप्प बसायचं. गप्प बसणं भल्याभल्यांना झेपत नाही. मग मी दुसरा फोटो ठेवला. त्याच खोलीतली पोरीची बाहुली.

"तुलाही मुलगी आहे म्हणालास. तू तिला या खोलीत झोपवलं असतंस?"

प्रश्न इंग्रजीत होता. उत्तर मराठीत आलं. "नाही." आणि मग त्याचा बांध फुटला. "नाही झोपवला असता, अंकल. मी बघितला होता. बाटल्या होता, पाइप होता, वॉल सगळा ब्राऊन. मला वाटला, पोलीसला सांगितला तर हाऊस सील होणार, सगळे बोलणार याच्या घरात ड्रग्ज. म्हणून मी फेकला सगळा आणि पेंट केला. मला वाटला, पेंट केला की गेला." कौन्सिलने त्याच्यावर खटला भरला. बनवणारेही पुढे दुसऱ्या गावात सापडले, बोटांचे ठसे त्याच फळ्यांवर होते.

इथे केस संपायला हवी होती. आमच्या दृष्टीने संपलीच होती. पण पोरगी अजून परक्या घरी होती, आणि फॅमिली कोर्टात सोशल सर्व्हिसेसतर्फे कौन्सिलच्या वकीलबाईने एक मुद्दा काढला. मुद्दा बिनतोड होता, त्याबद्दल तिला दोष देता येत नाही. घरातल्या सगळ्यांच्या डोक्याचे केस लॅबने तपासले होते, कारण हे विष केसांत साठून राहतं. आईबापात थोडं, आजीत जरा जास्त. पोरीत कितीतरी पटीने. आजी आणि नात एकाच खोलीत झोपत होत्या, तर एवढा फरक का? घराने सगळ्यांना सारखंच विष दिलं असेल, तर पोरीला वरून कुणी दिलं?

मी आईला भेटायला गेलो. ते तिघं आता एका ओळखीच्यांकडे राहत होते. प्रश्न ऐकताच ती खुर्चीत आक्रसली. तिला उत्तर माहीत होतं. निदान अंदाज होता.

"सर, छोटी पलंगावर नाही झोपायची. आई तिची गोधडी खाली घालायची. देवापाशी." ती ओठ चावत राहिली. "पण आईला नका विचारू. प्लीज. तिला कळलं तर ती जगायची नाही. मी सांगते कोर्टात, मीच घालत होते म्हणून."

"तू रात्रभर ड्यूटीवर असायचीस. ते धरतील तुला खोट्यात. मग पोरगी जाईल ती जाईलच."

"मग काय करू मी? सांगा ना तुम्ही, काय करू!"

मागे दारात आजी उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. येऊन समोर बसल्या, पदर नीट केला आणि मला म्हणाल्या, "दादा, ती काळी व्हायची ना, मला वाटायचं रांगोळी बाधा ओढून घेतीये. पोरीच्या अंगावरचं सगळं त्या पिठात उतरतंय. म्हणून पोरीला मी रोज रांगोळीजवळ सरकवत होते. जितकी काळी, तितकी जवळ. डोकं त्या कोनाड्याकडं. ते विष तिथंच होतं ना?"

मी आयुष्यभर लोकांना वाईट बातम्या दिल्या. दारात उभं राहून, टोपी काढून, एका वाक्यात. त्या बाईला मात्र माझ्याने बोलवेना. शेवटी म्हटलं, "हो, काकू. तिथंच होतं."

"हे मी सांगितलं तर पोर हिच्याकडं येईल?"

"शक्यता वाढेल. शब्द नाही देता येणार मला."

"मग लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

जबाब माझ्या मराठीत घेता येत नव्हता. तपास अधिकाऱ्याने दुभाषाचं काम करायचं नाही, हा नियम. म्हणून दुसऱ्या दिवशी स्टेशनला, स्पीकर फोनवर कुठल्यातरी गावची एक मराठी दुभाषी बाई आणि समोर आजी. लेक बाजूला बसलेली, तोंडावर ओढणी दाबून. आजींना कुणी अडवलं नाही की त्या थांबल्या नाहीत. कोनाडा, रांगोळी, गोधडी, सगळं क्रमाने सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "बिछाना मी घातला. रोज मीच. माझ्या लेकीनं काही केलेलं नाही." फोनवर दुभाषी बाईने नाक ओढलं आणि ते वाक्य इंग्रजीत सांगितलं.

लॅबला आम्ही सांगितलं, गोधडी तपासा. ज्या बाजूला पोरीचं डोकं असायचं तिथेच विष सगळ्यात जास्त निघालं, आजींनी सांगितलं त्याला जुळेल असं. वकीलबाईने स्वतःहून हरकत मागे घेतली. जजने आईच्या बाजूने निकाल दिला, अट एकच, घर बदलायचं.

घराची सफाई मी मुद्दाम बघायला गेलो होतो. धातू, काच, चिनीमाती धुऊन परत देता येतं. लाकूड, कापड, कागद, गादी, सगळं जाळायला. मागच्या खोलीच्या भिंती विटांपर्यंत सोलल्या, फळ्या उपटल्या. पांढऱ्या सूटमधली माणसं मुखवट्यातून काही न बोलता पिशव्या बाहेर आणत होती, आणि शेजारीपाजारी पडद्याआडून बघत होते. रस्त्याच्या पलीकडे आजी उभ्या होत्या. गोधडी पिवळ्या पिशवीतून गेली, देव्हारा गेला. पितळी देव धुऊन, प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या हातात दिले. त्यांनी घेतले, कपाळाला लावले नाहीत.

लोक विचारतात, या केसने काय शिकवलं. भ्यालेला माणूस लपवतो आणि गुन्हा केलेलाही लपवतो, आणि बाहेरून दोन्ही अगदी एकसारखं दिसतं. त्या घरात सगळेच लपवत होते. लेक आईला घाबरवायचं नाही म्हणून, आई लेकीला घाबरवायचं नाही म्हणून. एकमेकींना एकदा जरी म्हटलं असतं, की बाई गं, मला इथे काहीतरी बरोबर वाटत नाही, तर त्या कधीच बाहेर पडल्या असत्या. आणि घर घेताना, आपला माणूस असला तरी, लोकहो, भिंतीवर डाग का आहे हे विचारायची लाज बाळगू नका. दुसरी गोष्ट मी अजूनही कुणाला नीट समजावून सांगू शकलेलो नाही. ती मुलगी परत मिळाली त्या दिवशीची.

कौन्सिलच्या फॅमिली सेंटरमध्ये सांभाळणाऱ्या बाईने पोरगी आणली. गाल भरलेले, केसांत क्लिप. आईने तिला घेतलं ते किती वेळ सोडलंच नाही. बाप सोशल वर्करशी कागदांवर सह्या करत होता. आजी मात्र भिंतीला लागून खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही हात शालीखाली घट्ट. पोरीने त्यांच्याकडे झेप घेतली तर त्या मागे सरकल्या. "नको गं. माझ्याकडं नको देऊस. माझ्या हातांनी नको."

लेकीने ऐकलं. मला वाटलं समजूत घालेल, रडेल, काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "आई, बॅगा जड आहेत. मी बॅगा घेते, तू हिला घे." आणि पोरीला सरळ शालीवर ठेवून दिलं. हात बाहेर काढावेच लागले, नाहीतर पोरगी पडली असती. लेकीने दोन्ही बॅगा उचलल्या. मी दार धरून उभा होतो. ती माझ्यासमोरून बाहेर गेली आणि टॅक्सीपर्यंत चालत राहिली. पोर आजींच्या हातात नीट आहे ना, हे बघायला तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.